दानीएल मास्तरांची चक्री

सोनईत दानीएल साळवे कोण, असं विचारलंत तर कुणी पटकन सांगायचं नाही. 'पेटीवाले मास्तर' म्हणा, लगेच बाजारपेठेतली चार माणसं घर दाखवायला उठतील. खरं तर मास्तर कधी मास्तर नव्हतेच. हायस्कूलात शिपाई होते. घंटा द्यायचे, प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसायचे. पण चर्चमध्ये पोरवयापासून पायानं भाता मारायची, दोन्ही हातांनी वाजवायची मोठी पेटी वाजवत आले, आणि आपल्याकडं पेटीपुढं बसला की माणूस मास्तर होतो, त्याला डी.एड. लागत नाही. शाळेतल्या पगारी मास्तरांना याचा थोडा राग यायचा. येऊ द्या की. त्यांच्या हाताखाली कधी कुणी गायलं नाही.

मास्तरांची बायको मरिया चर्चच्या गाण्यात पहिल्या बाकावर असायची. मास्तर लय वाढवायला लागले की ती गाता गाता नुसते डोळे मोठे करायची, आणि मास्तर मुकाट्यानं खाली यायचे. ती गेली. मुलगी स्टेला पिंपरीला एका दवाखान्यात नर्स. जावई, सासू, दोन लेकरं, दोन खोल्या. ती दर रविवारी फोन करून सांगायची, "पप्पा, इकडं या राहायला." मास्तर म्हणायचे, येतो येतो. जायचे मात्र नाहीत. तिथं आपली खाट दिवसा भिंतीला उभी करून ठेवावी लागणार, हे त्यांनी एकदाच जाऊन पाहिलं होतं.

अशात एका सकाळी दात घासताना मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. शेजाऱ्यांनी वेळेवर गाडीत घातलं म्हणून बरं. पाय परत आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, बोलणंही आलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तेवढी रुसली. म्हणजे हलायची, नाही असं नाही, पण सांगितलेलं उशिरा ऐकायची. चहाचा कप धरायला तीन बोटं पुरतात. वाजवणाऱ्याला नाही पुरत. पण हे मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. "आता एकदम टकाटक हाय," असं ज्याला त्याला सांगत सुटले, आणि लोकांनाही तेच ऐकायचं होतं.

घरी स्टेलानं घेऊन दिलेला कीबोर्ड होता. एका दुपारी चाचपडताना मास्तरांचं बोट भलत्याच बटणावर पडलं, आणि त्यांनी तीन बोटांनी दाबून धरलेले तीन सूर एकदम सुटे होऊन पळायला लागले. खालून वर, वरून खाली, परत खालून वर. मास्तरांनी दचकून हातच काढला. मग हळूच परत ठेवला. पुन्हा पळापळ सुरू. याला आर्पेजिओ म्हणतात, हे त्यांना पुढं स्टेलाच्या पोरानं फोनवर सांगितलं. आपण फक्त सूर धरून ठेवायचे, ते एकामागून एक वाजवायचं काम यंत्राचं. कशी चाल हवी ती निवडता येते, किती वेगात हवी तेही ठरवता येतं.

तीन बोटांत भागत होतं हो. मास्तरांना दुसरं काय पाहिजे होतं? पण खरं सांगायचं तर त्यांना त्याचा लळा लागला तो वेगळ्याच कारणानं. भाकरी थापताना ते कीबोर्डवर सूर लावून ठेवायचे आणि होल्डचं बटण दाबायचे. होल्ड दाबलं की हात उचलला तरी वाजणं थांबत नाही. मास्तर चुलीपाशी, आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी वाजवत बसलंय. घरात दुसरं माणूस असल्यासारखं वाटायचं, आणि जेवण जरा बरं जायचं.

उत्साहाच्या भरात त्यांनी एका रविवारी कीबोर्ड चर्चमध्ये नेऊन ते लावलं. गीत संथ, पश्चात्तापाचं. आणि खालून ही पळापळ. म्हातारी छबूबाई गाणं अर्ध्यात सोडून म्हणाली, "दानीएल, लग्नाला आलोय का आपण?" अख्खं चर्च हसलं. पाद्रीसाहेबसुद्धा तोंडावर पुस्तक धरून हसले. मास्तरही हसले, पण पुढच्या रविवारी पेटीपुढं बसले नाहीत. नुसत्या हातानं वाजवलं असतं तर बोटांचं बिंग फुटलं असतं. त्यांच्या जागी एक शिक्षिका बसायला लागली. बरं वाजवते. मास्तर मागच्या बाकावर बसून ऐकायचे, आणि प्रार्थना संपली की कुणाशी न बोलता चपला घालायचे.

उरली एक रामहरीची पार्टी.

रामहरी म्हणजे ढोलकीवाला. लग्न, हळद, जत्रा, जयंती, नाताळ, जिथं बोलावणं येईल तिथं त्याची पार्टी टेम्पोत सामान भरून जाते. स्वतः रामहरी ढोलकीवर, एक बँजोवाला, गाणारी ज्ञानेश्वरी, साऊंडच्या टेबलावर अंगद, आणि कीबोर्डवर आपले मास्तर. रामहरीच्या बापाला मास्तरांनी पेटीवर साथ केलेली, त्यामुळं रामहरी त्यांना फार मानायचा. टेम्पोत पुढची सीट मास्तरांची. जेवणावळीत पहिलं ताट मास्तरांचं. महिन्यात जे काही पाच-सहा कार्यक्रम व्हायचे त्यांच्यावर मास्तरांचा महिना निघायचा. मधले दिवस ते नुसते कीबोर्ड पुसत काढायचे. स्टेलाला मात्र ते ऐटीत सांगायचे, "मी आलो असतो गं, पण पार्टीचं माझ्यावाचून कसं चालंल?"

पार्टीतल्या लोकांनी त्या आर्पेजिओचं नाव 'चक्री' ठेवलं होतं. सुरुवातीला चक्री सगळ्यांना आवडली. गाणं भरल्यासारखं वाटायचं. पण चक्रीत एक मोठी खोड. ती लावलेल्या वेगातच फिरणार, आणि रामहरी काही तसा माणूस नाही. पब्लिक नाचायला उठलं की त्याची ढोलकी चढते. त्यालाही कळत नाही, हातच तसे. ढोलकी पुढं, चक्री मागं. मग मास्तरांनी उजव्या हातानं 'टॅप'चं बटण ठेक्यावर चार वेळा ठोकायचं, म्हणजे चक्री नवा वेग पकडते. ठोकून होईतो रामहरी आणखी पुढं गेलेला. देवाशपथ, घरच्या म्हशीच्या मागं धावणं सोपं.

जत्रेत व्हायचं तेच झालं. गाणं रंगात, माणूस मावेना, रामहरी सुटलेला, आणि मास्तरांची चक्री अर्धी मात्रा मागं. ज्ञानेश्वरीला कडवं कुठं उचलायचं तेच कळेना. तिनं एकदा उचललं, सोडलं, परत उचललं. खाली पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी रामहरी घरी आला, चहा घेतला, आणि कपाकडं बघत म्हणाला, "मास्तर, चक्री जरा कमी ठेवा. हातानंच वाजवा की. तुमच्या हातासारखं हाय का काय त्यात?"

आता याला मास्तर काय सांगणार? त्या वेळी बोटांचं सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण मास्तरांना वाटलं, हात गेलेला कीबोर्डवाला कोण ठेवून घेतो? ते म्हणाले, "व्हय, बघतो." आणि बघितलं काय, तर चक्रीच जास्त घोटली. मोबाईलवर रामहरीच्या ढोलकीची रेकॉर्डिंग लावायची आणि टॅपवर बोट ठोकत बसायचं, दिवसच्या दिवस. पुढच्या कार्यक्रमाला ते धाकधुकीतच गेले. कुणी काही बोललं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. रामहरीची तक्रार बंद झाली, ज्ञानेश्वरी बिनचूक गायला लागली. मास्तर मनात म्हणाले, जमलं. या वयात जमलं. त्या आनंदात त्यांनी मरियाच्या फोटोला नवा हारसुद्धा आणला.

आणि मग कोपरगावचं लग्न आलं.

गोदावरीच्या अलीकडं एका बागायतदाराचं लॉन, दुपारचा मुहूर्त, माणूस भरपूर. मास्तरांनी या लग्नासाठी नवी चाल बसवली होती. तीन सूर वर, एक सोडायचा, मग घरंगळत खाली. घरी ती ऐकताना त्यांच्याच अंगावर काटा आला होता. आणि तेव्हापासून एक खूळ त्यांच्या डोक्यात बसलं होतं. वाजवणाऱ्याचं एक दुखणं असतं, बघा. त्याला स्वतःला समोरून कधी ऐकता येत नाही. स्टेजवर पायाशी एक छोटा स्पीकर असतो, मॉनिटर म्हणतात त्याला, त्यातून त्याचं त्यालाच तेवढं ऐकू येतं, ढोलकीच्या दणक्यात शेजारच्यालाही नाही. लोकांना जातं ते पुढच्या मोठ्या स्पीकरांतून. तिथं कसं वाजतं, हे उठून बघायला जावं तर वाजवणारच बंद. पण मास्तरांकडं होल्डचं बटण होतं. आपल्याला बघता येईल की, असं त्यांना वाटलं. लोक ऐकतात तसं एकदा ऐकावं. एवढीच हौस होती, दुसरं काही नाही.

ज्ञानेश्वरीनं देवीचं गाणं घेतलं. ते बराच वेळ एकाच सुरावर बसून असतं, कीबोर्डवाल्यानं हात हलवायची गरज नसते. मास्तरांनी तीन सूर धरले, चक्री सोडली, टॅपनं वेग जुळवला, होल्ड दाबलं. पायाशी चक्री झकास फिरायला लागली. मग ते पाणी प्यायला निघाल्यासारखे बाजूच्या पायऱ्यांनी उतरले, खुर्च्यांच्या कडेकडेनं मागं गेले, आणि मठ्ठ्याच्या पिंपाशी उभे राहून त्यांनी कान दिला.

ढोलकी ऐकू आली. बँजो आला. ज्ञानेश्वरीचा आवाज तर लॉनच्या बाहेर जात होता. चक्री नव्हती.

मास्तरांना पहिल्यांदा वाटलं, वारं कानावरूनही गेलं की काय. दोन पावलं पुढं आले. डावीकडच्या स्पीकरसमोर उभे राहिले, मग उजवीकडच्या. छाती हादरेल एवढी ढोलकी, आणि चक्रीचा एक थेंब नाही. स्टेजवर कीबोर्डचा दिवा तर ठेक्यावर लुकलुकत होता. म्हणजे वायर निघाली असणार. मास्तर घाईघाईनं अंगदच्या टेबलाकडं गेले. अंगद म्हणजे त्यांच्याच आळीतला, दोन लेकरांचा बाप, शांत माणूस. त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "अंगद, माझी वायर सुटलीय बघ."

अंगदनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. त्यानं एकदा स्टेजकडं बघितलं, परत मास्तरांकडं. "तुमी इथं कसं, मास्तर? वाजवतंय कोन?"

"होल्ड लावून आलोय. ते जाऊ दे. वायर बघ आधी."

"वायर बरोबर हाय," अंगद म्हणाला, आणि त्यानं नजर मिक्सरकडं वळवली.

मास्तरांनी टेबलावर पाहिलं. मिक्सरवर वर-खाली सरकणारी बटणं ओळीनं होती, प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नाव. ढोलकी, बँजो, ज्ञानेश्वरी. त्यांची बटणं वर, बोटं लागून लागून चकचकीत झालेली. 'मास्तर' लिहिलेलं बटण अगदी तळाला होतं, आणि त्याच्यावर धूळ बसली होती.

"कधीपासनं?" मास्तरांनी विचारलं.

अंगद खाली मान घालून म्हणाला, "जत्रेपासनं. रामहरीदादांनी सांगितलं हुतं. पन तुमच्या मॉनिटरला मी फुल देतो, मास्तर. त्यात कधी कमी केलं न्हाई."

माणूस शिवी देतो तेव्हा उलटून शिवी देता येते. मास्तर मनात मोजायला लागले. जत्रेपासून किती लग्नं झाली, किती हळदी. राळेगणच्या हळदीत घरच्या म्हाताऱ्यानं 'छान वाजवलंत' म्हणून पाठीवर हात ठेवला होता. तो बहुतेक त्यांच्या वयाकडं बघून ठेवला असेल. स्टेलाला सांगितलेलं सगळं आठवलं, आणि मास्तरांना स्वतःची एवढी लाज वाटली की मान वर करवेना.

"मला कळलंय हे रामहरीला सांगू नको," ते म्हणाले.

"का ओ मास्तर? त्यांनी काय वाईट बुद्धीनं..."

"म्हणूनच नको सांगू."

ते स्टेजवर चढेपर्यंत देवीचं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. रामहरीनं ढोलकीवरून हात काढून घाम पुसला. सगळं शांत झालं, आणि मास्तरांच्या पायाशी चक्री आपली फिरतच होती. तीन सूर वर, एक सोडायचा, घरंगळत खाली. पहिल्या रांगेतल्या एकाही माणसानं त्या बाजूला मान वळवली नाही. मास्तरांनी होल्ड बंद केलं आणि खुर्चीवर बसले.

उठून चालू पडावं, असं मनात आलंच. स्टँड जवळ होतं, नेवाशाकडं जाणारी एखादी एसटी मिळाली असती. पण एसटीतून उतरून जायचं कुठं? त्याच घरात, त्याच कीबोर्डपाशी. आणि मग उद्या काय, परवा काय? दारात टेम्पोचा हॉर्न वाजणार नाही, 'मास्तर, उरका' म्हणून कुणी हाक मारणार नाही. मास्तरांना त्या घराची भीती वाटली. अगदी लहान पोराला अंधाराची वाटते तशी वाटली, आणि ते बसून राहिले.

पुढचं म्हणजे शेवटचं गाणं नाचायचं होतं. रामहरीनं ठेका धरला. मास्तरांचा हात सवयीनं चक्रीच्या बटणाकडं गेला आणि मध्येच थांबला. कुणासाठी लावायची? कुणालाच ऐकू जाणार नसेल तर झाकायचं तरी काय? त्यांनी चक्री लावलीच नाही. डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि पाचही बोटांनी वाजवायला सुरुवात केली.

बोटं काय लगेच शहाणी होतात? तिसऱ्या सुरानंतर खळगा पडायचा, करंगळी यायची तेव्हा तिचा सूर निघून गेलेला. एकदा दोन बोटं एकाच पट्टीवर आदळली. रामहरी चढला, मास्तर मागं राहिले. पण आता टॅप ठोकायचं नव्हतं, रामहरीच्या हातांकडं बघत बघत त्यांच्या मागून जायचं होतं. ओळभर गाठायचे, परत सुटायचे. कपाळावर घाम आला. डोळ्यांतूनही पाणी येत होतं, ते त्यांनी घामातच पुसलं. वारं गेल्यापासून मास्तर पहिल्यांदा स्वतः वाजवत होते, आणि वाईट वाजवत होते.

अंगदनं हेडफोनवर त्यांचा आवाज लावून पाहिला असावा. तो एकाएकी उभा राहिला. लांबूनच त्यानं ते तळाचं बटण धरलं आणि मास्तरांना खुणेनं विचारलं, करू का वर?

मास्तरांनी मान हलवली. नको. वर केलं की रामहरीला ऐकू जाणार. ऐकलं की रामहरीला काहीतरी ठरवावं लागणार. आणि रामहरीनं ठरवायला घेतलं तर ते काय ठरेल, हे मास्तरांना माहीत होतं. अंगद थोडा वेळ बटणावर बोट ठेवून उभा राहिला, मग खाली बसला.

ऊन कलता कलता सामान टेम्पोत भरलं. पुढच्या सीटवर मध्ये मास्तर, कडेला रामहरी, मांडीवर लग्नघरानं दिलेला जिलबीचा पुडा. ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवत होते, टेम्पो रखडत चालला होता. रामहरीनं पुडा उघडून पहिली जिलबी मास्तरांच्या हातात दिली.

"मास्तर, आज लई भारी वाजलं तुमचं," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. घामानं भिजलेला सदरा, ढोलकीनं सुजलेली बोटं, आणि तोंडावर खरोखरची माया. या माणसानं आपल्याला टाकलं नाही, आणि ठेवलंही नाही, हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं. एकदा तरी खरं सांगावं म्हणून ते म्हणाले, "न्हाई रं. शेवटच्या गाण्यात मागं पडलो मी. करंगळी येत न्हाई येळेवर."

"छ्या, कुठं मागं पडले? मी ऐकत हुतो की. अगदी ठेक्यावर हुते तुमी."

मास्तरांनी जिलबी मोडून अर्धी तोंडात टाकली. समोरचा ट्रॅक्टर बाजूला झाला, टेम्पोनं वेग घेतला.

"बुधवारी हळद हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "किती वाजता येतो घ्यायला?"